नव्वदावं मिनिट आणि आपण (एफसी गोवाच्या दुःखाचा धागा)

बांद्याचो_झील | ७ एप्रिल २०२५, पहाटे २.१०

झोप येत नाहीये म्हणून धागा काढतोय. बेंगळुरूवाल्यांनी आजचा दिवस लांब राहावं ही नम्र विनंती.

काल फातोर्ड्याला, म्हणजे मडगावातल्या आपल्या मैदानात होतो. रामनवमी, घरात पाहुणे, आई सकाळपासून म्हणत होती आज तरी घरी थांब, पण इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) सेमीफायनलचा बेंगळुरूशी दुसरा लेग, म्हणजे परतीची मॅच, पहिला आपण तिकडे ०-२ हरलेलो (त्यात एक आपल्याच झिंगनचा सेल्फ गोल, म्हणजे सुरुवातच तशी), तरी मनात होतं की फातोर्ड्यात दोन गोल म्हणजे काय मोठी गोष्ट नाही. दुपारी साडेतीनला निघालो, पत्रादेवी, म्हापसा, झुआरी पूल, मडगाव. गाडीत चौघं, चौघांची तोंडं बंद, कारण गेल्या वर्षी जाताना आम्ही फायनलची तिकिटं कशी काढायची यावर बोलत गेलेलो आणि पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

४९व्या मिनिटाला आपल्या बोर्हाने गोल मारला. मग चाळीस मिनिटं नुसतं दार ठोठावणं. ८८व्या मिनिटाला सादिकूचा गोल, दोन्ही लेग धरून २-२, आणि माझ्या बाजूला एक अनोळखी काका होते त्यांनी मला उचललं, खरंच उचललं, माझं वजन ८४ आहे. आता एक्स्ट्रा टाईम, ते दमलेत, आपण जिंकणार, असं मी त्या काकांना सांगत असतानाच ९०+२ ला क्रॉस आला आणि बेंगळुरूच्या छेत्रीने डोकं लावलं. चाळीस वर्षांचा माणूस! आपले डिफेंडर बघत उभे. काकांनी मला मघाशी जसं उचललं तसं मला वाटतं मीच आता त्यांना धरून खाली बसवलं.

लीगमध्ये आपण दुसरे, ४८ गुण. बेंगळुरू तिसरे, ३८ गुण. दहा गुणांचा फरक, आणि फायनलला ते.

अकरा मोसम झाले आयएसएलचे. अकरा. झिको आपला कोच होता तेव्हापासून बघतोय. एकदाही तो कप आपल्या हातात नाही. हरण्याचं दुःख नाही हो, हरणारे क्लब कितीतरी आहेत. आपण हरतो ते कसं हरतो यावर मला बोलायचंय. बाकीच्यांनी आपापल्या जखमा इथे लिहाव्यात.

---

ऱ्हाईनकाठची_रमा | ७ एप्रिल, पहाटे ४.५५

झोप नाही ना, मग घे यादी. मी इथे कोलोनमध्ये बसून २०१५ पासून बघते, कधी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कानात एक इअरफोन घालून.

२०१४ सेमी, कोलकात्याशी दोन्ही लेग ०-०, पेनल्टीवर बाहेर. २०१५ फायनल (यावर वेगळं लिहा कोणीतरी, माझ्यात ताकद नाही). २०१८ सेमी, चेन्नईयिन. २०१९ फायनल, बेंगळुरू, ११७व्या मिनिटाला राहुल भेकेचं हेडर, म्हणजे पेनल्टीला तीन मिनिटं बाकी. २०२० सेमी, परत चेन्नईयिन, तिकडे १-४ हरून इकडे ४-२ जिंकलो आणि ५-६ ने गेलो. २०२१ सेमी, मुंबई सिटी, दोन्ही लेग बरोबरी, पेनल्टी ५-६. २०२४ परत मुंबई. २०२५ काल.

आठ वेळा प्लेऑफ. आठ. लीग चालू असताना आपल्यासारखं कोणी खेळत नाही आणि मार्च उजाडला की कोणाचीतरी नजर लागते.

---

अंधेरी_ईस्ट_निळा | ७ एप्रिल, सकाळी ८.२०

आत येऊ का? बेंगळुरूवाल्यांना बंदी आहे, मुंबईवाल्यांना नाही असं दिसतंय 😇

२४ एप्रिल २०२४. फातोर्डा. ९० मिनिटं ०-२. मी टीव्ही बंद करून जेवायला बसलेलो. बायको म्हणाली अरे फोन वाजतोय बघ. आमचे तीन गोल, छांगते ९०, विक्रम प्रताप ९०+१, छांगते ९०+६. हातातला घास हातात.

हलके घ्या.

---

बांद्याचो_झील | ७ एप्रिल, सकाळी ८.४१

शिरा पडो तुझ्या तोंडार. 

त्या मॅचला आमच्या पुढच्या रांगेतली एक फॅमिली ट्रॅफिक टाळायचा म्हणून ८९व्या मिनिटाला उठून गेली. २-० जिंकून गेले ते लोक. अजून कधी कधी वाटतं की ते घरी जाऊन आनंदात झोपले असतील आणि सकाळी पेपर उघडला असेल.

---

कसोटीप्रेमी | ७ एप्रिल, सकाळी ९.०५

आयपीएल चालू असताना हा धागा कोण वाचतंय?

---

तांबडा_पांढरा | ७ एप्रिल, सकाळी ९.१२

@कसोटीप्रेमी तू वाचलास की भावा.

---

ऑफसाईड_आजोबा | ७ एप्रिल, सकाळी १०.३०

२०१५ बद्दल मी लिहितो, मी मैदानात होतो. २० डिसेंबर. घरची फायनल, फातोर्डा तुडुंब. चेन्नईयिन १-०, लगेच हाओकिपने बरोबरी. ८७व्या मिनिटाला आपल्या जोफ्रेची फ्री किक आत गेली. २-१. तीन मिनिटं. लोकांनी फटाके बाहेर काढले होते. मग ९०व्या मिनिटाला आपल्या गोलकीपरच्या, कट्टीमणीच्या हाताला लागून बॉल आपल्याच जाळ्यात आणि ९०+२ ला चेन्नईयिनचा मेंडोझा. ३-२. मग तो त्यांच्या एलानोचा प्रकार, पोलीस स्टेशन, दंड, नंतरची भांडणं. पुढच्या मोसमात आपण सगळ्यात शेवटी.

म्हणजे ९०+२ हे मिनिट आपल्याला नवीन नाही. दहा वर्षांनी तेच मिनिट, तेच मैदान.

पण मला या धाग्यावर वेगळंच म्हणायचंय आणि ते तुम्हा पोरांना आवडणार नाही. तुम्ही "गोव्याला अकरा वर्षं कप नाही" म्हणता. अरे, गोव्याला कप नाही असं कधी होतं? २००४-०५ ला राष्ट्रीय लीग गोव्याच्याच डेंपोची. २००५-०६ तेवढी महिंद्रा युनायटेडने मुंबईला नेली. मग २००६-०७ परत डेंपो, आणि आय-लीग सुरू झाल्यावर २००७-०८ डेंपो, ०८-०९ चर्चिल, ०९-१० डेंपो, १०-११ साळगावकर, ११-१२ डेंपो, १२-१३ चर्चिल. मोजा. नऊ वर्षांत आठ. पंधरा लाख वस्तीचं राज्य. आम्हाला प्रश्न हा नसायचा की गोव्यात येणार का, प्रश्न असायचा की कुठल्या गावात जाणार. डेंपोवाला आणि साळगावकरवाला एका कामाच्या ठिकाणी शेजारी बसायचे आणि सोमवारी बोलायचे नाहीत.

२०१६ ला डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघांनी आय-लीग सोडली. का, तर वरची लीग कुठली यावरून जे ठरत होतं त्यात यांना जागा नव्हती. त्या दिवशी खरं हरलो आपण. छेत्रीने काल फक्त हेडर मारला.

---

गवारेडा_७ | ७ एप्रिल, सकाळी ११.१५

आजोबा आदर आहे पण दरवेळी हे. आम्ही २०१४ ला दहा वर्षांचे होतो, आमची टीम हीच. केशरी जर्सी बघून फुटबॉल कळला आम्हाला. डेंपोच्या आठवणींवर मी आज रडू शकत नाही, मला कालच्यावर रडायचंय.

आणि एक गोष्ट इथे कोणी बोलतच नाहीये. २०१९-२० ला लीग टेबलात पहिले कोण होते? आपण. जमशेदपूरला त्यांच्या घरी ५-० हाणून शील्ड घेतली, आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये जाणारा भारतातला पहिला क्लब झालो. जगात सगळीकडे टेबलात पहिला तो चॅम्पियन. इथे टेबलात पहिला येणाऱ्याला म्हणतात छान, आता सेमीफायनल खेळ. त्यामुळे माझ्या हिशोबात आपण चॅम्पियन आहोत. एकदा.

---

अंधेरी_ईस्ट_निळा | ७ एप्रिल, सकाळी ११.२२

आणि तो कोच, लोबेरा, टेबलात पहिला असताना जानेवारीत कोणी काढला? मग तो कुठे आला? आमच्याकडे, मुंबईला. सोबत जाहू, बुमूस, फॉल, मंदार राव देसाई. आणि आम्ही २०२०-२१ ला शील्ड आणि कप दोन्ही घेतलं. फायनल कुठे झाली ते विचारू नका.

---

ऱ्हाईनकाठची_रमा | ७ एप्रिल, दुपारी १२.०३

फातोर्डा. 🙂

हे मला खरंच बोलायचंय. फातोर्ड्यात आतापर्यंत पाच फायनल झाल्या. २०१५ ला चेन्नईयिनने कप उचलला. २०२० ला एटीकेने, रिकाम्या मैदानात, कोविड तोंडावर. २०२१ ला मुंबईने. २०२२ ला हैदराबादने, आणि त्या हैदराबादचा कोच कोण? आपलाच कोच मानोलो. २०२३ ला मोहन बागानने. पाच वेळा आपल्या अंगणात मांडव पडला, आपण पाट मांडले, पाणी वाढलं, आणि नवरा दरवेळी दुसऱ्याच गावचा.

---

बांद्याचो_झील | ७ एप्रिल, दुपारी १२.१०

रमाताई, हे वाचून जेवण गेलं नाही.

---

तांबडा_पांढरा | ७ एप्रिल, दुपारी १.४०

कोल्हापूरकराची हजेरी. तुमचं दुःख समजतंय पण एक सांगू का, तुमच्याकडं हरायला तरी टीम हाय. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पीटीएम-दिलबहार या आमच्या तालमींची मॅच असली की गल्लीतली लग्नं पुढं जातात, दोन तास आधी जागा धरून बसावं लागतं, पण देशाच्या लीगमध्ये कोल्हापूर? नाव नाही. अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपला खेळला तर आख्खं गाव टीव्हीसमोर. आमचा पोरगा मोठा झाला की दुसऱ्याच्या जर्सीत. म्हणून मी फातोर्ड्याला वर्षाला एकदा येतो, आंबोलीवरून खाली उतरून, आपलं मानायला कायतरी पाहिजे म्हणून.

आणि आता खेळाचं बोला की कोणीतरी. नुसता शोक चाललाय. आमच्याकडं तालमीतली म्हातारी माणसं सांगतात, पुढं असताना बॉल गर्दीत न्यायचा, कॉर्नर फ्लॅगजवळ, घाण खेळायचं, थ्रो घ्यायला वेळ लावायचा. तुमची टीम २-० पुढं असताना पण सुंदर खेळत बसते. गेल्या वर्षी मुंबईशी काय केलं? तिसरा गोल शोधत होती.

---

गवारेडा_७ | ७ एप्रिल, दुपारी २.२५

@तांबडा_पांढरा बरोबर आणि चूक. मुंबईच्या मॅचला शेवटी आपण मागे सरकलो होतो, मैदानात असलेल्यांना विचारा. आपल्याला दोन्ही जमत नाही हा प्रॉब्लेम आहे. झिको, लोबेरा, फेरांडो, मानोलो, सगळे बॉल पायात ठेवणारे, त्यामुळे आपण घाण खेळायला कधी शिकलोच नाही. मग शेवटची दहा मिनिटं आली की कोणीतरी सांगतं मागे या, आणि मागे येऊन काय करायचं ते माहीत नाही. काल २-० झाल्यावर पण तेच. गोल केल्यानंतरची चार मिनिटं. सगळे अजून डोक्याने कॉर्नर फ्लॅगपाशी नाचत होते.

दुसरं म्हणजे बेंच. २४ मॅच खेळून पहिली अकरा दमलेली असते, आणि बदली आला की लगेच कळतं की बदली आलाय.

तिसरं म्हणजे कोच दोन नोकऱ्या करतोय. आमचाही आणि देशाचाही. २५ मार्चला शिलाँगला बांगलादेशशी ०-० करून डोकं फिरवून घेतलं आणि आठ दिवसांत इकडे सेमीफायनल. कोण करेल असं?

---

ऑफसाईड_आजोबा | ७ एप्रिल, दुपारी ३.००

कोचवर ढकलू नका. दहा गुणांनी पुढे त्याच कोचने नेलं.

अवांतर: काल त्याच दिवशी चर्चिलने आय-लीग ४० गुणांवर टेबलात सर्वात वर संपवली, आणि तरी त्यांना चॅम्पियन म्हणता येत नाहीये कारण इंटर काशीच्या एका मॅचच्या गुणांचा वाद अपिलात अडकलाय. म्हणजे गोव्याची एक टीम मैदानात हरली आणि दुसरी टेबलात पहिली येऊन कागदात लटकली, दोन्ही एका रविवारी. देव बोडगेश्वरालाच विचारायला पाहिजे काय चाललंय.

---

बालेवाडी_शोकसभा | ७ एप्रिल, संध्याकाळी ६.१५

तुमचं सगळं वाचलं. आता पुणेकराचं ऐका आणि गप्प बसा.

पुणे एफसी, बंद. भारत एफसी, एक मोसम, बंद. डीएसके शिवाजीयन्स, बंद. मग राहिली एफसी पुणे सिटी. आयुष्यात एकदा सेमीफायनल, २०१८, बेंगळुरूला ३-१ ने हरलो. तिन्ही गोल कोणाचे? छेत्री. त्यामुळे तो माणूस तुमचा एकट्याचा नाही, आमचा जुना आहे.

आणि मग २०१९ ला आमची टीम बंद पडली आणि ती जागा हैदराबादला गेली. आणि हैदराबादने तीन वर्षांत कप जिंकला, फातोर्ड्यात!! म्हणजे बायको सोडून गेली आणि दुसऱ्या घरी जाऊन लॉटरी लागली. माझ्याकडे अजून केशरी-जांभळा स्कार्फ आहे, पावसाळ्यात स्कूटरची सीट पुसायला वापरतो. बालेवाडीवरून जाताना स्टेडियमकडे बघत नाही.

तुम्ही दर वर्षी मार्चमध्ये रडता. मला रडायला मार्चच नाही.

---

बांद्याचो_झील | ७ एप्रिल, संध्याकाळी ७.३०

शोकसभा, ये फातोर्ड्याला, गाडीत जागा करू.

संध्याकाळपर्यंत विचार करतोय की मला नेमका राग कशाचा येतो. गवारेडा म्हणतो शील्ड म्हणजेच खरं. मान्य, डोक्याला मान्य आहे. पण २०२० ची ती शील्ड मिळाली तेव्हा मी कुठे होतो हे मला आठवतसुद्धा नाही, जमशेदपूरला मॅच होती, बहुतेक घरी बसून बघितली असेल. आणि २०१५ चं मेंडोझाचं ९०+२ मला सेकंदासेकंदाने आठवतं, मी कुठल्या पायरीवर उभा होतो, पुढच्या पोराच्या गालावरचा केशरी रंग कसा ओघळलेला, बाहेर येताना रोस ऑम्लेटवाल्याने पैसे घेतले नव्हते. त्यानेही मॅच ऐकली होती रेडिओसारखी, नुसत्या आवाजावर. आवाज आला, मग परत आवाज आला नाही, म्हणाला तेव्हाच कळलं.

हरलेल्या मॅचच आपल्याला बांधून ठेवतात की काय कोण जाणे. सुपर कप २०१९ ला जिंकलो, ड्युरंड २०२१ ला जिंकलो, एडू बेडियाची फ्री किक, कोलकात्यात मोहमेडनच्या घरी. किती जणांना आठवतंय? आजोबा सोडून?

---

ऑफसाईड_आजोबा | ७ एप्रिल, संध्याकाळी ७.४४

१०५व्या मिनिटाला मारली होती ती. एक्स्ट्रा टाईममध्ये. चुकून आपण मारली, आपल्याला नाही बसली.

---

ऱ्हाईनकाठची_रमा | ८ एप्रिल, दुपारी १.२०

माझ्या घरापासून ट्रेनने पंधरा मिनिटांवर लेव्हरकुसेन आहे. तिथल्या क्लबला इथे लोक "व्हिझेकुसेन" म्हणायचे, म्हणजे "उपविजेते-कुसेन". २००० ला शेवटच्या दिवशी नुसती बरोबरी पुरेशी असताना उंटरहाखिंगमध्ये हरले. २००२ ला लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग, तिन्हीत दुसरे. माझ्या ऑफिसात एक बाई आहे, तिचे वडील तिला लहानपणी न्यायचे, ती मला सांगायची की आम्ही घरात "चॅम्पियन" हा शब्दच उच्चारत नाही. २०२४ ला, क्लब १२० वर्षांचा झाल्यावर, पहिल्यांदा लीग जिंकले, आख्ख्या लीगमध्ये एकही मॅच न हरता. आणि गंमत म्हणजे त्या मोसमात ते दर आठवड्याला नव्वदाव्या मिनिटानंतर गोल करायचे. करायचे, खायचे नाहीत.

ती दुसऱ्या दिवशी ऑफिसला आली तर गप्प. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली आता काय करू कळत नाहीये.

---

गवारेडा_७ | ८ एप्रिल, दुपारी १.३५

म्हणजे १२० वर्षांचा क्लब झाल्यावर आपला नंबर येणार. २१३४. ठीक आहे, नातवाला सांगून ठेवतो.

---

कसोटीप्रेमी | ८ एप्रिल, रात्री ९.५०

सगळा धागा वाचला. मॅच कधी असते पुढची? सहज विचारतोय.

---

गवारेडा_७ | ३ मे २०२५, रात्री १०.०५

धागा वर काढतोय!!!

सुपर कप! भुवनेश्वर! जमशेदपूर ०-३! बोर्हा दोन, द्राझिच एक! सेमीत मोहन बागानला ३-१! दोनदा सुपर कप घेणारा पहिला क्लब! कुठे गेले सगळे रडके?

---

तांबडा_पांढरा | ३ मे, रात्री १०.११

नाद खुळा! आणि ९०व्या मिनिटाला काय झालं नाही, मी घड्याळ बघत होतो.

---

अंधेरी_ईस्ट_निळा | ३ मे, रात्री १०.३०

अभिनंदन. मनापासून. (७ मिनिटं आधी टीव्ही बंद केला होता का कोणी, सवयीने?)

---

बांद्याचो_झील | ४ मे, सकाळी ७.५०

अभिनंदन सगळ्यांना. आता एएफसीची पात्रता फेरी मिळाली, घरी मॅच असेल तर जायचंच.

काल तिसरा गोल झाला तेव्हा ७२वं मिनिट होतं. ३-० पुढे. आणि मी उभा राहून पाणी प्यायलो, बसलो, परत उभा राहिलो, शेवटची वीस मिनिटं एकदाही हसलो नाही. वडील म्हणाले हरतायत काय? शिट्टी वाजली तेव्हा मी आधी स्क्रीनवरचा स्कोअर परत वाचला.

मग आईने स्वयंपाकघरातून विचारलं, मिळाला काय रे तो कप? म्हटलं हो. म्हणाली, तोच ना, ज्याच्यासाठी रामनवमीला पाहुणे टाकून गेलेलास? म्हटलं नाही, हा दुसरा. म्हणाली, मग तो कधी?

---

बालेवाडी_शोकसभा | ४ मे, सकाळी ९.२०

गाडीत जागा आहे म्हणाला होतास ती अजून आहे का? पुण्याहून सावंतवाडीपर्यंत माझं मी येतो. स्कार्फ केशरी आहेच, जांभळी बाजू आत दुमडीन.